मोठेबाबांची चक्कर

वर्ध्यात घर असणं ही आमच्या खानदानात एक नोकरी आहे. तिला पगार नाही, रजा नाही आणि निवृत्तीही नाही. हिंगणी, सेलू, केळझर या पट्ट्यात आमचे जेवढे नातेवाईक आहेत, त्यांच्यापैकी कुणाला काही झालं की बातमी आधी आमच्या फोनवर येते आणि मग पेशंट दवाखान्यात पोचतो. तो पोचायच्या आत त्याच्या डब्याचं ठरलेलं असतं. दवाखान्याच्या कँटीनमध्ये बरं जेवण मिळतं, असं मी एकदा बोलून पाहिलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू पेशंटला रस्त्यावर सोडून यायलाच सांगितलं मी. वर्ध्यात घर असताना आपला माणूस कँटीनचं खातो हे गावात कळलं, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून बाळंतिणी, अपेंडिक्स, मोतीबिंदू, साप चावलेला एक आतेभाऊ आणि काहीही झालेलं नसताना नुसती खात्री करून घ्यायला भरती झालेले एक मामेसासरे, या सगळ्यांना मी डबे पोचवले. मामेसासऱ्यांना वरणात हिंग कमी वाटला होता, तेही ऐकून घेतलं.

मी शाळेत गणित शिकवते. चाळीस पोरांना नुसत्या बघण्यानं गप्प बसवते. घरी ती नजर चालत नाही.

तर माझी इच्छा. ती फार मोठी नव्हती. मला पोहायला शिकायचं होतं.

माझं माहेर सेलूचं. आमच्या शेतात पायऱ्यांची विहीर होती. तिन्ही भाऊ पाठीला रिकामा डबा बांधून तिच्यात पोहायला शिकले. माझं काम काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचं. कपडे कोण चोरणार होतं देव जाणे, चारी बाजूंनी आमचंच शेत होतं. मी कधी शिकू असं विचारलं, तर आई म्हणाली, लग्न झाल्यावर नवऱ्याला सांग. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर हे म्हणाले, पोरं मोठी होऊ दे. पोरं मोठी झाली, रीतसर पोहायला शिकली, आणि टँकच्या काठावर बसून मी त्यांचे कपडे सांभाळले. दोन पिढ्यांच्या चड्ड्या सांभाळून झाल्यावर, म्हणजे एक्कावन्नावं लागलं तेव्हा, मला राग आला.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ध्याच्या स्विमिंग टँकवर बायकांसाठी तीन आठवड्यांची बॅच निघाली. वेळ संध्याकाळी पाच ते सहा. जेवताना मी ही गोष्ट सहज बोलल्यासारखी काढली. हे हसले. सासूबाईंनी तीन प्रश्न विचारले: या वयात, पाण्यात, कोणासमोर. तिन्हींचं उत्तर त्यांना नको होतं. मी ताक प्यायले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घातलं. घरी सांगितलं की योगाची बॅच लावली. योगाला आमच्या घरात कुणी काही म्हणत नाही, कारण त्यात सगळे कपडे अंगावर असतात आणि ओंकार असतो.

खोटं एकदा बोललं की त्याला खायला घालावं लागतं. तिसऱ्याच दिवशी ह्यांची कंबर धरली आणि हे म्हणाले, तुझ्या योगातलं एखादं आसन दाखव. मला टँकमध्ये शिकवलेली एकच गोष्ट येत होती. मी ह्यांना पलंगावर पालथं निजवलं आणि पाय सरळ ठेवून वरखाली मारायला लावले, गुडघा वाकवायचा नाही, अंगठा ताणलेला. आसनाचं नाव विचारलं तेव्हा मी मत्स्यासन म्हणून सांगितलं. ते वेगळंच असतं हे मला माहीत होतं, पण मासा दोन्हींकडे होता. ह्यांची कंबर खरंच मोकळी झाली. रोज सकाळी पलंगाचा खडखडाट ऐकू यायला लागला.

टँकमध्ये माझी प्रगती मात्र ह्यांच्यापेक्षा कमी होती. शिकवणारी मुलगी माझ्या अर्ध्या वयाची. काकू पाय मारा, काकू श्वास सोडा, काकू काठ सोडा, असं ती घसा कोरडा होईतो ओरडायची. पाय मी मारत होते, श्वासही कधीमधी सोडत होते. काठ काही सुटत नव्हता.

पाचव्या दिवशी मोठेबाबा पडले.

मोठेबाबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, हिंगणीचे, वय ब्याऐंशी. सासरे गेल्यापासून खानदानात त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांच्यासमोर माझ्या सासूबाई अजून डोक्यावर पदर घेतात आणि तोंडातून शब्द काढत नाहीत, कारण ते त्यांचे भासरे, म्हणजे थोरले दीर. हे त्यांच्यासमोर मोबाइल खिशात ठेवतात, वाजला तरी काढत नाहीत. असे मोठेबाबा गोठ्यात घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं, ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी टाकली. त्यांचा मुलगा रात्री आणि सकाळी थांबायचा, दुपारनंतर गुराढोरांसाठी हिंगणीला जाऊन आठला परत यायचा. मधली संध्याकाळ आणि दोन वेळचा डबा आमच्याकडे आला.

सासूबाईंनी त्याच दिवशी निकाल दिला. माणूस दवाखान्यात पडला असताना सून आसनं करते हे बरं दिसत नाही, योगा बंद. मी मान हलवली. स्वयंपाकघरात जाऊन कणीक इतक्या जोरात मळली की परात ओट्यावरून सरकली. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. योगाला जायला बंदी होती, दवाखान्यात जायला नव्हती. उलट दवाखान्यात जितकं जास्त जाईन तितकी मी चांगली सून. मी बाहेर येऊन म्हटलं की नुसता डबा ठेवून परतणं बरोबर नाही, म्हाताऱ्या माणसाजवळ कुणीतरी बसलं पाहिजे, मी पाचच्या आतच निघत जाईन. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांत आलं नाही, याची मला अजून थोडी लाज वाटते.

अशा रीतीनं मोठेबाबांचा डबा रोज पाच ते सहा टँकच्या बाहेर माझ्या गाडीच्या डिकीत बसायला लागला. मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात डिकीतला डबा थंड व्हायचा प्रश्नच नव्हता. निघताना भरलेल्या डब्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकावा लागे, कारण हिंगणीहून विचारणा होई. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, कधी कण्या आणि कढी. खाली हात जोडलेल्यांची रांग लागायची. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलानंही हात जोडले होते. मी साडेसहाला केसांना पंचा गुंडाळून, वरून ओढणी घेऊन वॉर्डात पोचायचे आणि फार ऊन आहे, डोक्यावरून पाणी घेऊनच आले, असं सांगायचे. मोठेबाबा ऐकून घ्यायचे. ते तसेही कुणाशी फार बोलत नसत.

माझा घात पिशव्यांनी केला. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना कापडी पिशव्या देतात, वर नवरा-नवरीचं नाव छापलेल्या. एका लग्नाला घरातले चौघं गेले की चार सारख्या पिशव्या घरात येतात. डब्याची पिशवी आणि टँकची पिशवी एकाच लग्नातली होती. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी मी घाईनं वॉर्डात आले, स्टूल ओढलं, त्यावर पेपर पसरला आणि मोठेबाबांच्या समोर एकेक वस्तू काढून ठेवली. हिरवी रबरी टोपी. पाण्यात लावायचा चष्मा. आणि मानेपासून घोट्यापर्यंतचा काळा ओलाचिंब पोशाख, जो मी नागपूरहून शाळेच्या कामाच्या नावाखाली आणला होता. त्यातून पेपरवर पाणी टपकायला लागलं. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटची बायको उठून उभी राहिली.

मोठेबाबांनी टोपी पाहिली, पोशाख पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आज भाजी काहाची हाय?" ते म्हणाले.

मी सगळं पिशवीत कोंबलं आणि पळत जाऊन गाडीतून डबा आणला.  त्यांनी भाकर सावकाश कुस्करली, वरण घेतलं, सगळं जेवण संपवलं, हात धुतले, तोवर मी मनातल्या मनात माहेरी जाऊन आले होते. मग म्हणाले की पहिल्या दिवसापासून त्यांना वास येत होता, औषध टाकलेल्या पाण्याचा. आधी वाटलं दवाखान्याचा असेल. पण मी गेले की वासही जायचा. पुढे एवढंच विचारलं, कुठवर आली. मी खरं ते सांगितलं, की काठ सुटत नाही, खोल पाण्यात पाय खाली जातात आणि जीव घाबरतो.

"पाणी का सातबारा हाय बाई, गच्च धरून ठेवाले?" ते म्हणाले. "सोड त्याले. थे तुले धरते."

तेव्हा मला आठवलं की हा माणूस बोर नदीच्या पाण्याजवळ वाढलेला आहे. तरुणपणी म्हशीच्या पाठीवर बसून पाण्यात शिरायचे आणि पलीकडे निघायचे, असं गावातले म्हातारे सांगतात. त्या दिवसापासून माझ्या दोन शिकवण्या सुरू झाल्या. पाच ते सहा टँकमध्ये आणि साडेसहाला वॉर्डात. मोठेबाबा पलंगावर पडल्यापडल्या हातानं पाणी कसं मागे ढकलायचं ते दाखवायचे, आणि मी स्टुलावर बसून तसे हात मारायचे. मला श्वास सोडता येत नाही हे कळल्यावर त्यांनी स्टीलच्या गंजात, म्हणजे छोट्या पातेल्यात, पाणी आणायला लावलं, आणि त्यात तोंड घालून बुडबुडे काढायला लावले. मी काढले. नर्स आली आणि काय चाललंय म्हणून विचारलं. मोठेबाबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, शांतपणे म्हणाले की सुनेला दमा आहे. शेजारच्या पेशंटची बायको दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी अडुळशाच्या पाल्याचा काढा घेऊन आली. मला तो काढा तिच्यासमोर प्यावा लागला.

दुसरा आठवडा संपता संपता मी काठ सोडला. चार हात गेले आणि परत धरला, पण सोडला. शिकवणारीनं टाळ्या वाजवल्या. शेवटच्या शनिवारी एक परीक्षा होती: उथळ टोकापासून खोल टोकापर्यंत, मध्ये न थांबता. जी पार करेल तिला पुढच्या वर्षी खोल पाण्याच्या बॅचमध्ये प्रवेश, नाहीतर पुन्हा काठ. मला माझं माहीत होतं. यंदा राहिलं तर पुढच्या वर्षी कुणाचं तरी बाळंतपण असेल, नाहीतर मुलाचं लग्न निघेल, आणि मी पुन्हा कपडे सांभाळायला बसेन. मला तो शनिवार पाहिजेच होता.

आणि सोमवारी डॉक्टर म्हणाले, आजोबा ठणठणीत आहेत, उद्या घरी जाऊ द्या.

इथे आमच्या घराण्याचा आंब्याचा कायदा सांगितला पाहिजे. अक्षय्य तृतीयेला मोठेबाबा पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि पहिला आंब्याचा रस त्यांना ठेवतात. ते होईस्तोवर खानदानात कुणी आंबा तोंडात घालायचा नाही, मग तो हिंगणीत असो, वर्ध्यात असो की पुण्यात. पुण्यातला माझा मुलगाही हे पाळतो, असं त्याचं म्हणणं आहे. मी पुरावा मागितलेला नाही. त्या वर्षी अक्षय्य तृतीया गुरुवारी होती. ह्यांनी आधीच आंब्यांची पेटी आणून पलंगाखाली पेंढ्यात पिकायला घातली होती. मंगळवारी मोठेबाबा घरी, गुरुवारी घागर, गुरुवारी दुपारी रस, असा ह्यांचा सरळ हिशेब होता. माझाही हिशेब सरळ होता: मंगळवारपासून डबा बंद, म्हणजे टँक बंद. सोमवारी रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

मंगळवारी सकाळी मोठेबाबांना चक्कर आली. वॉकर धरून उभं करायला व्यायामाच्या बाई आल्या, आणि ते उभं राहता राहता डोळे मिटून मागे पलंगावर बसले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, बीपी घेतलं, सगळं बरोबर होतं. म्हणाले, एक-दोन दिवस ठेवून पाहू. बुधवारी सकाळी डॉक्टर आल्याबरोबर पुन्हा चक्कर. घरात चिंता पसरली आणि पलंगाखाली आंबे पिकले. असा घमघमाट सुटला की हे दोनदा अंगणात जाऊन बसले. मोठेबाबांच्या मुलानं फोनवर विचारलं की यंदा घागर मी भरू का. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे वॉर्डात उभे होतो.

"मी जिता हावो अजून," मोठेबाबा म्हणाले. "पितर थांबतीन."

पितर थांबतील हे वाक्य आमच्या खानदानात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. खुद्द मोठेबाबांच्या मुलीचं लग्न त्यांनी या घागरीसाठी पुढं ढकललं होतं. फॅमिली ग्रुपवर त्या संध्याकाळी कुणी शुभ संध्याकाळसुद्धा टाकलं नाही.

मला वेगळंच लागलं. ते वॉर्डात एकटे असताना पुन्हा चक्कर येऊन पडतील आणि त्याच तासात मी टँकमध्ये बुडबुडे काढत असेन, हे डोक्यातून जाईना. माझ्या खोटेपणाचं पाप त्यांना लागलं असं वाटायला लागलं. मी गणिताची बाई, मला असं वाटणं शोभत नाही, पण वाटलं. गुरुवारी दुपारी मी टँकवर फोन करून सांगितलं की मी आता येणार नाही, शनिवारीही नाही. शिकवणारी मुलगी म्हणाली, काकू, एवढं करून? मी फोन ठेवला. कण्या शिजवल्या, कढी केली, डबा भरला आणि पाचच्या ठोक्याला थेट वॉर्डात गेले.

मोठेबाबांचा पलंग रिकामा होता.  मी व्हरांड्यात धावले. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मोठेबाबा वॉकर धरून, पाठ ताठ ठेवून, एका पेशंटच्या भावाला तुरीच्या दोन ओळींत किती अंतर सोडावं ते समजावून सांगत होते. एक हात तर त्यांनी वॉकरवरून उचलला होता, अंतर दाखवायला. मग मला पाहिलं. पकडल्या गेलेल्या पोरांचे चेहरे मी रोज पाहते, पण ब्याऐंशी वर्षांचा पहिल्यांदा पाहिला.

"आज काऊन लवकर आली?" ते म्हणाले. "पोहणं कुठं गेलं?"

मी म्हटलं, तुम्हाला चक्कर येते ना.

"येते. सकाळी येते. डॉक्टर आला का येते."

मी त्यांना हाताला धरून पलंगावर आणून बसवलं. वर्गात वापरते तो आवाज काढला आणि विचारलं की हे काय चाललंय, सगळं घर काळजीत आहे, पितरांची घागर राहिली, ह्यांचे आंबे सडायला आले. मोठेबाबांनी कढीचा डबा उघडून वास घेतला. मग समजावून सांगितलं. ते घरी गेले की डबा बंद. डबा बंद झाला की माझं घराबाहेर पडणं बंद. शनिवारला अजून दोन दिवस होते, तेवढी चक्कर त्यांना सहज आणता येत होती. मी म्हटलं, पण घागर, मोठेबाबा, आज तर दिवस होता.  कढी तशीच त्यांच्या हातात राहिली.

"तुही मोठी आई बोरच्या पाण्यावर कपडे धुवाले यायची," ते म्हणाले. "मी म्हशी घेऊन पाण्यात. एक दिवस म्हणे, मलेबी शिकवा. म्या म्हटलं, लोकं का म्हणतीन. मंग तिनं पुन्हा कधी म्हटलंच नाई." त्यांनी डबा खाली ठेवला. "घागर तिच्याच नावानं भरतो मी. थांबन ती. तिले थांबाची सवय हाय."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. राग त्यांच्यावरच. मोठेबाबांची बायको, मोठी आई, मी पाहिलेली होती, ठेंगणी, हसरी, सगळ्यांचं करून मग जेवणारी. तिनं जन्मभर त्या पाण्याच्या काठावर धुणं धुतलं आणि या माणसाला सांगायला आज सुचलं. मला ते बोलून दाखवायचं होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि कळलं, माझ्याआधी ते स्वतःच स्वतःला बोलून चुकले होते, आणि रोज बोलत असणार. मी नाक पुसलं.

"जाय आता," ते म्हणाले. "सव्वापाचच होऊन राह्यले. डब्बा ठेव इथंच."

मी गेले. टँकची पिशवी अजून डिकीतच पडलेली होती. शिकवणाऱ्या मुलीनं नुसती हिरवी टोपी माझ्या हातात दिली, कारण मी ती आदल्या दिवशी टँकवरच विसरले होते.

शनिवारचं फार सांगण्यासारखं नाही. माझ्या आधीच्या दोघी सुरळीत गेल्या, त्यामुळे मला आणखी घाबरायला झालं. मी काठ सोडला. निम्म्यावर नाकात पाणी गेलं, तेव्हा एकदा देवाचं आणि का कोण जाणे एकदा मुख्याध्यापकांचं नाव घेतलं. खाली पाय टेकत नव्हते, हे मला कळत होतं. मग सातबाऱ्याचं आठवलं आणि मी पाण्याला पकडायचं सोडून दिलं. हात पुढे, पाणी मागे, श्वास बाहेर. बोटांना खरखरीत काहीतरी लागलं तेव्हा कळलं की ते पलीकडचं टोक आहे. मी त्याला मिठी मारून बसले. शिकवणारी वरून ओरडली, काकू, आता तरी काठ सोडा, पुढची यायची आहे.

साडेसहाला मी वॉर्डात गेले. केसांना पंचा बांधला नाही, ओढणीही घेतली नाही, केसांतून पाणी गळत होतं. मोठेबाबांनी पाहिलं आणि बरं एवढंच म्हणाले. रविवारी सकाळी डॉक्टरांसमोर ते वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत गेले आणि आले. चक्कर पूर्ण गेली होती. डॉक्टरांना आपल्या गोळीचा अभिमान वाटला.

त्याच दिवशी आम्ही त्यांना घेऊन हिंगणीला गेलो. डिकीत आंब्यांची पेटी होती. ह्यांनी ती वाटेत दोनदा गाडी थांबवून पाहिली. मोठेबाबांनी आल्याआल्या घागर मागितली. खाली बसता येत नव्हतं म्हणून खुर्चीवर बसले. अंगणात सगळे जमले, मुलगा, भावकीतल्या सुना, नातवंडं, शेजारचे. सुनांनी आंबे पिळून रस केला. मोठेबाबांनी घागरीत पाणी ओतलं, समोर रसाची वाटी ठेवली, हात जोडले. मग मोठ्यानं बोलले, घागरीशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"उशीर झाला तुले. सूनबाई पोहाले शिकून राह्यली होती. काल पार झाली. म्हणून थांबलो मी."

 ह्यांच्या हातात चोखायला राखून ठेवलेली आंब्याची कोय होती, ती हातातच राहिली. ह्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसत होती: डबा, ओले केस, चक्कर, आणि शेवटी सकाळचं मत्स्यासन. तीन आठवडे आपण पलंगावर नेमकं काय करत होतो हे ह्यांना त्या क्षणी कळलं. सासूबाई पदराआडून माझ्याकडे बघत होत्या. भासऱ्यांसमोर त्यांना बोलता येत नव्हतं. पण हिंगणीहून वर्ध्याचा रस्ता काही थोडाथोडका नाही आणि गाडीत त्या माझ्या शेजारीच बसणार होत्या.

एका सुनेनं रसाच्या वाट्या भरून आणल्या आणि रिवाजाप्रमाणे पहिली मोठेबाबांपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. पुरुषांकडे जाणारी दुसरी वाटीही हातानं थांबवली.

"आधी हिले द्या," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "पोहून आलेल्या माणसाले भूक लागते."

आंबे तीन दिवस थांबून जरा जास्तच पिकले होते, रस थोडा आंबूसही लागत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दोन वाट्या खाल्ल्या.